इशारा शुक्रवारी, दरोडा शनिवारी: देशादेशांतलं सायबर संशोधन सहकार्य चालतं कसं

शुक्रवार, १० ऑगस्ट २०१८. अमेरिकेच्या एफबीआयनं बँकांना एक गोपनीय सूचना पाठवली. येत्या काही दिवसांत जगभरातल्या एटीएममधून एकाच वेळी पैसे उपसण्याचा बेत शिजतो आहे, कार्ड देणाऱ्या कुठल्यातरी संस्थेत चोर आधीच शिरलेले असावेत, पण ती संस्था कोणती ते कळलेलं नाही, असा तिचा आशय होता. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, पुण्यातल्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या कार्डांच्या नकलांवर २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघू लागले. परदेशात सुमारे १२ हजार व्यवहारांतून ७८ कोटी रुपये गेले, भारतात कोल्हापूरसह काही शहरांत २,८४९ व्यवहारांतून अडीच कोटी. सोमवारी, १३ तारखेला, बँकांच्या आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या 'स्विफ्ट' जाळ्यातून आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगमधल्या एका खात्यात पोचले. एकूण आकडा ९४ कोटींच्या वर गेला.

हे घडलं कसं, ते आधी पाहू. एटीएममध्ये कार्ड घातलं की विचारणा बँकेच्या एटीएम स्विचकडे येते. स्विच ती कोअर बँकिंगकडे, म्हणजे खात्यांच्या मुख्य यंत्रणेकडे, पाठवतो, तिथे शिल्लक तपासली जाते आणि होकार किंवा नकार त्याच वाटेनं परत येतो. हल्लेखोरांनी मधेच आपला नकली स्विच उभा केला होता. विचारणा कोअर बँकिंगपर्यंत पोचतच नव्हती, नकली स्विच परस्पर होकार देत होता. म्हणून खातेदारांच्या खात्यांतून काही कमी झालं नाही, सगळा फटका बँकेला बसला.

आता इशारा आणि दरोडा शेजारी ठेवून बघा. काय होणार आहे याची कुणकुण एका देशाला लागली होती. कुठे होणार आहे याच्या खुणा दुसऱ्या देशातल्या एका यंत्रणेत पडत होत्या. सायबर सुरक्षेत देशांनी एकमेकांना मदत करायची म्हणजे हे दोन तुकडे वेळेत एका टेबलावर आणायचे. करारांवर सह्या होतात, फोटो निघतात, तेही लागतंच. पण काम होतं की नाही हे ठरतं एका नोंदीवर: ती कोणत्या रूपात निघाली, तिच्यावर कोणता शिक्का होता, वेळ कोणत्या घड्याळाची होती आणि ती वाचायला पलीकडे कोण जागं होतं. हा लेख त्या नोंदीच्या प्रवासाबद्दल आहे.

मित्रदेश म्हणजे कोण

सगळ्यात जुना आणि घट्ट गट म्हणजे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या पाच देशांचा, 'फाइव्ह आइज'. त्याची मुळं १९४६ मधल्या अमेरिका-ब्रिटन करारात आहेत. नाटोच्या वर्तुळातलं सायबर संरक्षण केंद्र एस्टोनियाची राजधानी टॅलिन इथे २००८ मध्ये सुरू झालं. आदल्या वर्षीच्या एप्रिल-मेमध्ये एस्टोनियातल्या बँका, वृत्तपत्रं आणि सरकारी संकेतस्थळं आठवडेच्या आठवडे हल्ल्याखाली होती, त्यामुळे या केंद्राच्या उभारणीला वेग आला.

भारत कुठल्याच लष्करी गटात नाही. आपलं सहकार्य तुकड्यातुकड्यांनी विणलेलं आहे: अमेरिकेबरोबर २०१६ चा सायबर संबंधांचा आराखडा, ऑस्ट्रेलियाबरोबर २०२० ची सायबर आणि महत्त्वाच्या तंत्रज्ञानाची भागीदारी, इस्राएल, जपान, ब्रिटन यांच्याशी वेगवेगळे करार, शिवाय अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया आणि भारताचा गट, क्वाड. खंडणीखोर मालवेअरविरुद्ध (मालवेअर म्हणजे घातक सॉफ्टवेअर) २०२१ मध्ये तीसहून अधिक देश एकत्र आले, त्यातल्या तग धरण्याच्या क्षमतेवरच्या कार्यगटाचं नेतृत्व भारत आणि लिथुआनियानं केलं. आणि या सगळ्याच्या खाली एक तांत्रिक थर आहे. राजकारणापेक्षा तो जास्त टिकाऊ आहे असं आमचं मत आहे. देशोदेशींची संगणक आणीबाणी पथकं, म्हणजे सर्ट, 'फर्स्ट' नावाच्या जागतिक मंचात १९९० पासून एकत्र येतात. भारताचं सर्ट-इन २००४ मध्ये सुरू झालं आणि ते फर्स्टचं तसंच आशिया-पॅसिफिक गटाचंही सदस्य आहे. दोन देशांचे राजदूत बोलत नसतानाही त्यांच्या सर्टमधले अभियंते एकमेकांना मेल पाठवू शकतात, ते या थरामुळे.

एका नोंदीत काय काय हवं

समजा, टॅलिनमधल्या एका प्रयोगशाळेला दिसलं की एक मालवेअर २०३[.]०[.]११३[.]४५ या इंटरनेटवरच्या (आयपी) पत्त्याशी बोलतंय. (हा पत्ता उदाहरणांसाठीच राखून ठेवलेल्या गटातला आहे. टिंबांभोवतीचे कंस मुद्दाम घालतात, वाचणाऱ्याचा हात चुकून पडला तरी जोडणी उघडू नये म्हणून.) हा पत्ता नुसता मेलवर पुण्याला पाठवला तर त्याचा उपयोग जवळपास शून्य. नोंदीत निदान एवढं लागतं: हा पत्ता कशासाठी वापरला जातोय, पहिल्यांदा आणि शेवटचा कधी दिसला, कोणत्या पोर्टवर (एका पत्त्यावरच्या क्रमांकित दारांपैकी एक), ही खूण कुठून मिळाली, तिच्यावर कितपत विसंबायचं आणि ती पुढे कोणाला देता येईल.

यंत्राला वाचता यावी म्हणून ही नोंद 'स्टिक्स' नावाच्या ठरलेल्या साच्यात बसवतात आणि 'टॅक्सी' नावाच्या पद्धतीनं पाठवतात. दोन्ही मुक्त मानकं आहेत. प्रत्यक्षात रोज ज्यावर काम चालतं ते साधन बऱ्याच ठिकाणी 'मिस्प' असतं. ते २०११ मध्ये बेल्जियमच्या संरक्षण खात्यातल्या एका अभियंत्याच्या कामातून जन्मलं, आता लक्झेंबर्गमधलं पथक त्याची मुख्य देखभाल करतं, आणि ते फुकट आहे. पुण्यातल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत चार जीबी मेमरीच्या व्हर्च्युअल मशीनवरही शिकण्यापुरतं ते चालवता येतं.

सगळ्या खुणा सारख्या टिकाऊ नसतात. फाइलचा हॅश हा तिचा अंगठ्याचा ठसा. एसएचए-२५६ पद्धतीनं काढला तर ६४ अक्षरांचा. पण हल्लेखोरानं फाइलमधला एक बिट बदलला की ठसा पार वेगळा. आयपी पत्ता काही दिवसांत शिळा होतो. तोच पत्ता उद्या एखाद्या निरुपद्रवी दुकानाच्या संकेतस्थळाला मिळतो. डोमेनचं नाव थोडं जास्त टिकतं. सगळ्यात टिकते ती हल्लेखोराची कामाची पद्धत, कारण सवय बदलायला महिने लागतात. या पद्धतींना क्रमांक देणारा 'मायटर अटॅक' नावाचा खुला कोश आहे. त्यात 'टी१०५९' म्हटलं की आज्ञा-स्क्रिप्टचा गैरवापर, हे पुण्यातही कळतं आणि कॅनबेरातही. देशांनी एकमेकांना पद्धती सांगाव्यात, हॅशचे ढीग पाठवून समाधान मानू नये, असं या क्षेत्रातली जाणती माणसं वर्षानुवर्षं सांगत आली आहेत. तरी ढीगच जास्त जातात, कारण ढीग यंत्रानं तयार होतो आणि पद्धत माणसाला बसून लिहावी लागते.

घड्याळ आणि पत्ता: इथेच सगळ्यात जास्त घोटाळे होतात

भारताची वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या, साडेपाच तास पुढे आहे. त्यातला अर्धा तास त्रास देतो. वेळेचा फरक पूर्ण तासांतच असतो असं गृहीत धरून लिहिलेली छोटी-मोठी साधनं अजून वापरात आहेत, आणि मग दोन देशांचे लॉग (यंत्रणांनी आपोआप टिपलेल्या नोंदी) जुळवताना सगळं तीस मिनिटांनी सरकतं. त्याहून वाईट म्हणजे 'आयएसटी' हे तीन अक्षरी नाव. आपल्यासाठी ते भारतीय वेळ, इस्राएलसाठी इस्राएली, आयर्लंडसाठी आयरिश. इस्राएली भागीदाराला 'आयएसटी २१:००' असं लिहून पाठवलेला लॉग तो आपल्या वेळेनं वाचणार, हे उघड आहे. उपाय सोपा आहे: वेळ यूटीसीमध्ये लिहा, किंवा शेवटी +०५:३० असं स्पष्ट लिहा. तारखेवरही लक्ष ठेवा. यूटीसीनुसार १० तारखेचे रात्रीचे आठ वाजलेले असतात तेव्हा पुण्यात ११ तारखेचा मध्यरात्रीनंतरचा दीड वाजलेला असतो. तारीख चुकली तर दूरसंचार कंपनी भलत्याच दिवसाच्या नोंदी काढून देते.

आता पत्त्याचं. परदेशी पथकं अनेकदा कळवतात, 'तुमच्या देशातल्या या आयपीवरून हल्ला झाला, ग्राहक शोधा.' युरोपातल्या घरगुती जोडणीत यावरून बऱ्याचदा काम होऊन जातं. इथे नाही. आपल्याकडे मोबाइल कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे शेकडो, कधी हजारो फोन बसवतात, कारण जुन्या पद्धतीचे पत्ते लोकसंख्येला पुरत नाहीत. कात्रजच्या बसमधला विद्यार्थी आणि चाकणच्या कारखान्यातला कामगार एकाच क्षणी एकाच पत्त्यानं जगाला दिसू शकतात. त्यांना वेगळं करणारी गोष्ट म्हणजे स्रोत पोर्टचा क्रमांक आणि सेकंदापर्यंतची अचूक वेळ. हे दोन तपशील नसतील तर शोध तिथेच थांबतो. परदेशातल्या बहुतेक वेबसर्व्हरांच्या नेहमीच्या मांडणीत स्रोत पोर्ट लॉगमध्ये लिहिलाच जात नाही. संयुक्त प्रकल्प सुरू करताना पहिल्याच बैठकीत भागीदाराला हे सांगून त्याच्या लॉगची मांडणी बदलून घ्यावी. नंतर सांगून गेलेले लॉग परत येत नाहीत.

आपल्या बाजूनंही शिस्त हवी. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची, लॉग १८० दिवस जपायचे आणि यंत्रणांची घड्याळं ठरलेल्या वेळसर्व्हरांशी जुळवायची. हे शेवटचं कलम अनेकांनी कागदी काम म्हणून सोडून दिलं. खरं तर सहकार्याच्या दृष्टीनं तेच सगळ्यात मोलाचं आहे. चार मिनिटं मागे असलेला सर्व्हर वरच्या उदाहरणात चुकीच्या माणसाच्या दारात पोलिस नेऊन उभे करू शकतो.

आणखी एक नेहमीची फजिती. मालवेअर चालवून पाहिलं की ते इंटरनेट चालू आहे का हे तपासायला एखाद्या मोठ्या, प्रसिद्ध सर्व्हरला हाक मारतं. तो पत्ताही यादीत शिरतो. पलीकडचं पथक यादी जशीच्या तशी फायरवॉलमध्ये, म्हणजे नको ती वाहतूक अडवणाऱ्या यंत्रणेत, भरतं आणि अर्ध्या कंपनीचं नेट बंद. संकेतस्थळांची नावं पत्त्यांत बदलून देणारा गुगलचा ८.८.८.८ असा अडवला जाणं ही या क्षेत्रातली जुनी, पुन्हापुन्हा होणारी चूक आहे. मिस्पमध्ये अशा निर्दोष पत्त्यांच्या सावधान-याद्या तयार मिळतात. त्या चालू करा आणि परदेशातून आलेली कुठलीही यादी आधी काही दिवस नुसती पाहणीवर ठेवा, अडवायला नंतर घ्या.

शिक्का: कोणाला सांगायचं, कोणाला नाही

नोंदीवर रंगाचा शिक्का असतो. त्याला ट्रॅफिक लाइट प्रोटोकॉल म्हणतात, आणि २०२२ पासून त्याची दुसरी आवृत्ती चालू आहे. लाल म्हणजे ज्याला सांगितलं त्यानं स्वतःपाशीच ठेवायचं. पिवळा-कडक म्हणजे आपल्या संस्थेत ज्यांना गरज आहे त्यांनाच. साधा पिवळा असेल तर संस्थेबरोबर तिच्या ग्राहकांनाही, पण गरजेपुरतंच. हिरवा म्हणजे क्षेत्रातल्या मंडळींत फिरू द्या, जाहीर करू नका. 'क्लिअर' म्हणजे कोणालाही सांगा.

वाचायला सोपं आहे, वागायला अवघड. खराडी किंवा हिंजवडीतल्या एखाद्या सुरक्षा केंद्राचा विचार करा. रात्रपाळीची मुलं-मुली जर्मन कारखान्याचं आणि अमेरिकी रुग्णालयाचं नेटवर्क राखत बसलेली आहेत. एकीच्या पडद्यावर असा हल्ला दिसतो, जो उद्या इथल्या सहकारी बँकेवर येऊ शकेल. तिला काय करता येतं? माहिती ग्राहकाची आहे, कराराखाली आहे, वर पिवळा-कडक शिक्का आहे. ती शेजारच्या टेबलावर सांगितली तरी करारभंग. जगातल्या कितीतरी नेटवर्कांची राखण पुण्यातल्या काचेच्या इमारतींतून होते, पण तिथे दिसलेलं शहराच्या कामी आपोआप येत नाही. याला वाट आहे. ग्राहकाशी करार करतानाच एक कलम घालून घ्यायचं: ग्राहकाचं नाव, पत्ते आणि अंतर्गत तपशील काढून टाकून हल्ल्याची पद्धत सर्ट-इन किंवा क्षेत्रीय गटाला कळवण्याची मुभा. ओळख काढलेली पद्धत हिरव्या शिक्क्याखाली जाऊ शकते. हे कलम मागणारे थोडे आहेत. मागितलं तर बरेच ग्राहक देतात, कारण त्यांनाही दुसऱ्यांकडून तेच हवं असतं.

सरकारी पातळीवर याचीच मोठी आवृत्ती असते, तिसऱ्या पक्षाचा नियम. एका देशानं दिलेली माहिती त्याला विचारल्याशिवाय तिसऱ्या देशाला द्यायची नाही. हा नियम एकदा जरी मोडला तरी पुढची दहा वर्षं नळ बंद होतो. म्हणून गोपनीय अहवाल लिहितानाच दोन भागांत लिहितात: वर स्रोत कोण, कसं कळलं ते, खाली एक रेघ, आणि रेघेखाली बचावासाठी लागेल तेवढंच. वेळ आली की रेघेखालचा भाग फाडून पुढे देता येतो. एफबीआयच्या सूचनेत संस्थेचं नाव नव्हतं, कारण ते त्यांनाच ठाऊक नव्हतं. पण कितीतरी वेळा नाव ठाऊक असतं आणि स्रोत उघडा पडेल म्हणून अडकून बसतं. रेघेखाली लिहिण्याची सवय असेल तर ते सुटतं.

माहितीबरोबर तिची प्रतवारीही देतात. स्रोत कितपत भरवशाचा हे सहा अक्षरांच्या श्रेणीत, मजकूर कितपत पक्का हे १ ते ६ आकड्यांत. उत्तम स्रोताची कच्ची बातमी आणि अनोळखी स्रोताची तीन ठिकाणी पडताळलेली बातमी, दोन्हीला सारखं वजन देऊन चालत नाही.

माहिती घेणारे पुष्कळ असतात, परत कळवणारे कमी. 'तुमची खूण आमच्याकडेही दिसली' एवढं सांगायला मिस्पमध्ये एक बटण आहे. ते दाबलं गेलं की पाठवणाऱ्याला कळतं की हल्ला किती पसरलाय. सहा महिने एकदाही ते दाबलं गेलं नाही, तर पलीकडचा माणूस कष्ट घेणं सोडून देतो. त्याची चूक नाही.

एकत्र संशोधन करायचं म्हणजे

इथवर रोजच्या देवाणघेवाणीचं झालं. संशोधनाला जास्त शांतपणा लागतो आणि कागदही जास्त लागतात. पुण्यात त्यासाठी लागणारी माणसं आहेत: १९८८ मध्ये स्थापन झालेलं सरकारी संगणक संशोधन केंद्र सी-डॅक, गिरीनगरचं संरक्षण प्रगत तंत्रज्ञान संस्थान, पाषाणची विज्ञान संस्था आयसर, विद्यापीठ, आणि उद्योग तर दाराशी.

सुरुवातीला बरा प्रकल्प म्हणजे हनीपॉट. मुद्दाम उघडा ठेवलेला नकली सर्व्हर, चोरांना फशी पाडण्यासाठी. तो पुण्यात वेगळं दाखवतो, म्युनिकमध्ये वेगळं, कारण हल्लेखोर देश पाहून शिकार निवडतात. दोन्हीकडे एकाच आवृत्तीचं सॉफ्टवेअर, एकाच प्रकारची जोडणी आणि सारखाच काळ हवा. एकीकडे घरगुती ब्रॉडबँड आणि दुसरीकडे क्लाउडमधला सर्व्हर असेल तर दिसणारा फरक देशांचा की जोडणीचा हे कधीच कळत नाही, आणि वर्षभराचं काम वाया जातं. हनीपॉटमधून बाहेर जाणारी वाहतूक घट्ट आवळा, नाहीतर त्याचाच वापर करून चोर तिसऱ्यावर हल्ला करतील आणि पत्ता तुमच्या संस्थेचा असेल.

मालवेअरचे नमुने पाठवायची जुनी रीत म्हणजे पासवर्ड घातलेली झिप फाइल, आणि पासवर्ड जगभर एकच: 'इन्फेक्टेड'. गुप्ततेशी त्याचा संबंध नाही. मेलच्या गाळणीनं फाइल उडवू नये आणि कोणी चुकून ती उघडू नये, एवढ्यापुरताच तो असतो. नमुना उघडायचं मशीन बाकी नेटवर्कपासून तोडलेलं, स्वच्छ स्थितीची प्रत आधी जपलेली, आणि काम झालं की त्या प्रतीवर परतायचं. नमुन्यात एखाद्या बळीच्या मेलचे तुकडे, नावं, खाते क्रमांक अडकलेले असू शकतात. ते सीमेपार जाण्याआधी काढले नाहीत तर इथे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आणि तिकडे युरोपचा तसाच कायदा जीडीपीआर, दोन्ही आडवे येऊ शकतात.

निर्यात नियंत्रणाचा प्रश्न बहुतेकांना शेवटी आठवतो. वासेनार व्यवस्था हा संवेदनशील तंत्रज्ञानाच्या निर्यातीवर लक्ष ठेवणाऱ्या देशांचा गट आहे. २०१३ मध्ये त्यांनी घुसखोरीच्या सॉफ्टवेअरशी निगडित साधनं यादीत घातली. शब्द इतके ढोबळ होते की परदेशी सहकाऱ्याला सॉफ्टवेअरमधली त्रुटी समजावून सांगणंही निर्यात ठरेल, अशी भीती संशोधकांना वाटली. मोठी ओरड झाली आणि डिसेंबर २०१७ च्या बैठकीत त्रुटी कळवणं आणि घटनेला प्रतिसाद देणं यांना सूट मिळाली. योगायोग असा की भारताला ४२ वा सदस्य म्हणून प्रवेश मिळाला तो याच बैठकीत. आपल्याकडे ही यादी स्कोमेट या निर्यात-नियंत्रण यादीच्या आठव्या विभागात उतरली आहे आणि परवाना विदेश व्यापार महासंचालनालय देतं. बचावाचा अहवाल पाठवायला अडचण नसते. हल्ल्याचं चालतं साधन पाठवायचं असेल तर आधी विचारा.

घरच्या कायद्यात मात्र एक भोक आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ आणि ६६ एकत्र वाचलं तर परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरलं तर भरपाई द्यावी लागते, ते अप्रामाणिकपणे किंवा कपटानं केलं तर तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा ठरतो, आणि चांगल्या हेतूनं त्रुटी शोधणाऱ्यासाठी त्यात स्पष्ट संरक्षण नाही. परदेशी भागीदार त्याच्या देशात निर्धास्तपणे जे स्कॅनिंग करतो ते पुण्याच्या विद्यार्थ्यानं केलं तर अडचणीत तो येतो. म्हणून करारात कोणी कोणत्या यंत्रणेला हात लावायचा ते नावानिशी लिहावं आणि लेखी परवानगी जोडावी. सापडलेली त्रुटी सर्ट-इनला कळवता येते. ते २०२१ पासून त्रुटींना सीव्हीई नावाचा जागतिक ओळख क्रमांकही देऊ शकतं, त्यामुळे तीच त्रुटी दोन देशांत दोन नावांनी फिरत नाही.

उघड सहकार्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण कूटशास्त्रातलं आहे. क्वांटम संगणकापुढे टिकेल असं कुलूप शोधायला अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं २०१६ मध्ये जगाला आवाहन केलं. २५ देशांतून ८२ प्रस्ताव आले आणि त्यातले अटींत बसणारे ६९ जाहीर ठेवले गेले: फोडा, म्हणाले. 'साइक' नावाचा प्रस्ताव चौथ्या फेरीपर्यंत टिकला होता. २०२२ च्या उन्हाळ्यात बेल्जियममधल्या लूव्हेनच्या दोन संशोधकांनी साध्या संगणकाच्या एका कोअरवर सुमारे तासाभरात तो फोडला. हेच गुप्तपणे एका देशात बनलं असतं तर भोक वापरात आल्यावर सापडलं असतं. ऑगस्ट २०२४ मध्ये पहिली तीन मानकं जाहीर झाली. पुण्याच्या आयसरमध्ये क्वांटम तंत्रज्ञानाचं केंद्र आहे, आणि राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला २०२३ मध्ये ६,००३ कोटींची मंजुरी मिळालेली आहे. इथल्या गणिताच्या विद्यार्थ्याला या कामात शिरायला कुणाचा गोपनीय परवाना लागत नाही. मानकं आणि प्रस्ताव दोन्ही वाचायला उघडे आहेत.

सुट्टीचा दिवस

२०१६ च्या फेब्रुवारीत बांगलादेश बँकेच्या न्यूयॉर्कमधल्या खात्यातून ८ कोटी १० लाख डॉलर चोरीला गेले. बनावट आदेश गुरुवारी रात्री निघाले. शुक्रवारी ढाक्याला सुट्टी, शनिवार-रविवारी न्यूयॉर्कला, आणि सोमवारी मनिलात चिनी नववर्षाची. पैसे थांबवण्याचे निरोप गेले तेव्हा वाचायला कोणी नव्हतं. कॉसमॉसचाही मुहूर्त शनिवारचा होता.

यासाठीच सराव असतात. टॅलिनचं केंद्र २०१० पासून जवळपास दरवर्षी 'लॉक्ड शील्ड्स' भरवतं, त्यात संघांना खऱ्यासारख्या हल्ल्याखाली एका कल्पित देशाची यंत्रणा चालू ठेवावी लागते. सर्ट-इननं ३१ ऑगस्ट २०२२ ला सिंगापूरच्या साथीनं १३ देशांसाठी 'सिनर्जी' हा सराव घेतला, विषय खंडणीखोर मालवेअर. अशा सरावांत तंत्रापेक्षा जास्त वेळा फसतात त्या साध्या गोष्टी: संपर्क यादीतला माणूस बदली होऊन गेलेला, कूटबद्ध मेलची किल्ली गेल्या वर्षीच मुदतबाह्य, रविवारचा फोन न उचलणारा. दर तीन महिन्यांनी एकदा, तेही रविवारी, यादीतल्या प्रत्येकाला एक चाचणी निरोप पाठवा आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते लिहून ठेवा. यापेक्षा स्वस्त सराव नाही.

माहिती वेगळी, पुरावा वेगळा

कॉसमॉसचा माग पुढे अनेक देशांत गेला. हाँगकाँगला गेलेल्या पैशांतला काही भाग गोठवला जाऊन परत मिळाला. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं २०१९ च्या अहवालात हा हल्ला उत्तर कोरियाशी जोडला. बँकांवरच्या अशा दरोड्यांचे पैसे काढून फिरवणाऱ्या कॅनडातल्या एकाला अमेरिकेत २०२१ मध्ये ११ वर्षं ८ महिन्यांची शिक्षा झाली. २०१८ मधला एका भारतीय बँकेवरचा दरोडाही त्याच्या गुन्ह्यांत होता. पुण्याच्या न्यायालयानं एप्रिल २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरवलं.

सर्टकडून सर्टला आलेली माहिती बचावाला चालते, न्यायालयात नाही. पुराव्यासाठी पोलिसांना परस्पर कायदेशीर साहाय्याच्या करारानं जावं लागतं. अमेरिकेबरोबरचा आपला करार २००५ पासून लागू आहे, पण या वाटेला महिने लागतात, आणि तोवर परदेशी कंपनीचे लॉग पुसले जाण्याची भीती असते. म्हणून पहिल्या दिवशी करायची विनंती 'द्या' ही नसतेच. ती 'जपून ठेवा' ही असते, आणि ती पोलिसांच्या चोवीस तास चालणाऱ्या संपर्क जाळ्यातून तासांत जाऊ शकते. मागणीचे कागद मागाहून.

लॉग आला की १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग यंत्रणा ज्याच्या ताब्यात होती त्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. दोन्हींत फाइलचा हॅश आणि तो कोणत्या पद्धतीनं काढला ते लिहायचं. परदेशातल्या अभियंत्याला हे कोणी आधी सांगितलेलं नसतं. तो लॉग स्प्रेडशीटमध्ये उघडतो, रकाने नीट लावतो, जतन करतो आणि चांगल्या मनानं पाठवतो. त्या क्षणी हॅश बदललेला असतो. म्हणून विनंतीपत्राच्या पहिल्याच परिच्छेदात लिहावं: फाइल उघडण्याआधी तिचा एसएचए-२५६ हॅश काढा, यूटीसी वेळेसह कळवा, आणि मूळ फाइल आहे तशीच पाठवा.